‘इंजिन कमी पडतंय’: उजनीतल्या होडीला नक्की किती एचपी लागतात?

उन्हाळा तोंडावर आला की माझ्या गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मिस्त्री, इंजिन लय कमी पडतंय बगा. मोठं टाकावं म्हनतोय.” बोलणारा उजनी धरणाच्या काठावरचा, कधी केत्तूरचा असतो, कधी वांगीचा, कधी भीमानगरचा. टेंभुर्णीच्या बाजूला माझं काम. मूळचा धंदा विहिरीवरच्या इंजिनांचा आणि पाणबुड्या मोटारींचा. होड्यांची आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची इंजिनं हळूहळू यायला लागली आणि आता उन्हाळ्यात तीच जास्त असतात. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलो. ‘कमी पडतंय’ म्हणून येणाऱ्या इंजिनांपैकी बहुतेकांची ताकद कमी नसतेच. असलेली ताकद पाण्यापर्यंत पोचत नाही, किंवा होडीच अशी असते की तिला कितीही ताकद दिली तरी ती जोरात पळणार नाही. दोन्हीवर मोठं इंजिन हा इलाज नाही.

हे मला कळायला वेळ लागला. सुरुवातीला मीही ‘मोठं घ्या’ असंच सांगायचो. एका मच्छीमार मामांची अठरा फुटी पत्र्याची होडी होती, तिला ५ एचपीचं इंजिन. ताशी ८ किलोमीटर जायची. माझ्या सल्ल्यावरून त्यांनी १५ एचपी घेतलं, त्यासाठी घरातलं सोनं मोडलं. ताकद तिप्पट झाली, वेग झाला साडेदहा. त्यांचा जाळ्यापर्यंतचा रस्ता आठ किलोमीटरचा. पूर्वी एक तास लागायचा, आता पाऊण तास. पण पूर्वी त्या एका तासात पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल जायचं, ते आता पावणेचार लिटरवर गेलं. पंधरा मिनिटं वाचवायला दोन लिटर पेट्रोल, तेही जाताना आणि येताना दोन्ही वेळा. शिवाय इंजिनाच्या वजनाने होडीचं बूड दबायचं, पुढचं टोक वर यायचं आणि वळताना मागच्या फळीवरून पाणी आत यायचं. दोन हंगामांनी त्यांनी ते इंजिन तोट्यात विकलं. मामांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, पण तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाला एचपीचा आकडा सांगत नाही.

होडी अशी का अडते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडच्या मालवाहू, जाळ्यांच्या होड्या पाणी बाजूला सारत जातात, पाण्यावर उचलून घसरत नाहीत. अशी होडी चालताना पुढे एक लाट उठते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. एका ठराविक वेगाला लाटेची लांबी होडीएवढी होते. मग होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीवर बसल्यासारखी होते आणि पुढे प्रत्येक किलोमीटरसाठी ताकद भरमसाट लागते. हा वेग काढायचा हिशेब जुना आणि जगभर चालणारा आहे. होडीचा पाण्याला टेकलेला भाग किती फूट ते मोजा, त्याचं वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. अठरा फुटी होडीचा सोळा फूट भाग पाण्यात असेल तर वर्गमूळ ४, गुणिले १.३४ म्हणजे ५.३६ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम १० किलोमीटर. मामांची होडी ५ एचपीवरच या हद्दीच्या जवळ होती. उरलेल्या १० एचपींनी नुसत्या लाटा उठवल्या.

म्हणून तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा विचारतो, “दादा, होडी पाण्यात किती फूट टेकते? आणि मोबाइलवर वेग किती दिसतो?” वेग त्या हद्दीच्या आसपास असेल तर इंजिन बरोबर काम करतंय. आणखी वेग हवा असेल तर होडी बदलावी लागेल. बरेच जण इथेच थांबतात, आणि थांबावं.

वेग हद्दीपेक्षा बराच कमी असेल तर मात्र खरा शोध सुरू होतो.

आता तीन गोष्टी मोजायच्या, आणि त्या नेहमीच्या वजनासह मोजायच्या. काठावर रिकामी होडी पळवून बघण्यात काही अर्थ नाही. जाळी, पेट्रोलचा कॅन, बर्फ, जेवढी माणसं रोज बसतात तेवढी माणसं, सगळं घ्या. पूर्ण रेस द्या. मोबाइलच्या जीपीएसवर वेग लिहा. मग होडी वळवून त्याच वाटेने परत या, पुन्हा वेग लिहा आणि दोन्हींची सरासरी काढा, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. तिसरा आकडा आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा. त्यासाठी प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो मी प्रत्येक होडीवाल्याला घ्यायला लावतो. पूर्ण रेसला इंजिन किती आरपीएमपर्यंत जायला हवं हे माहितीपुस्तकात दिलेलं असतं. छोट्या इंजिनांत ते ४५०० ते ५५००, किंवा ५००० ते ६००० असं असतं.

हा आरपीएमचा आकडा म्हणजे माझ्यासाठी डॉक्टरच्या हातातली नाडी आहे. तो तीनपैकी एकच गोष्ट सांगतो.

आरपीएम पुस्तकातल्या आकड्यापर्यंत पोचत नाही आणि होडीही हळू आहे. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. इंजिन दबलंय. इंजिनाच्या पाटीवर ८ एचपी लिहिलेलं असतं ते पूर्ण आरपीएमला. तेच इंजिन ३७०० ला अडकलं तर हाताशी पाचेकच एचपी येतात. म्हणजे पैसे आठचे मोजले आणि काम पाचचं. वर असं दबलेलं इंजिन गरम होतं, आत काजळी धरते, पिस्टन खराब होतो. ‘मी तर हळूच चालवतो’ म्हणणाऱ्यांची इंजिनं लवकर का जातात, याचं उत्तर इथे आहे. पूर्ण रेस देऊन कमी आरपीएमवर चालणं म्हणजे हळू चालवणं नव्हे.

याचं कारण बहुतेक वेळा पंख्यात, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरमध्ये सापडतं. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जायला बघतो तो आकडा. आपल्याकडे जुनी इंजिनं कोकणातून, मुंबईकडून येतात आणि कुठल्या तरी हलक्या, पळणाऱ्या फायबर बोटीचा पंखा तसाच त्यांच्यावर बसलेला असतो. आपण तो मासळीने भरलेल्या पत्र्याच्या होडीला लावतो. गळीत हंगामात उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर वरच्या गिअरवर चढ चढेल का? ड्रायव्हर गिअर उतरवतो, ट्रॅक्टर बदलत नाही. कमी पिचचा पंखा म्हणजे उतरवलेला गिअर. पिच एक इंच कमी केला की पूर्ण रेसचे आरपीएम साधारण १५० ते २०० नी वाढतात. त्या हिशेबाने किती इंच उतरायचं ते ठरवता येतं.

पंखा जास्तच जलद आहे का, हे आकड्यातही बघता येतं. आरपीएमला इंजिनाच्या गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, तो आकडा) भागा, पिचच्या इंचांनी गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा. पंखा पाण्यात अजिबात घसरला नसता तर ताशी किती किलोमीटर गेला असता ते उत्तर येतं. समजा ५२०० आरपीएम, रेशो २.०८ आणि पिच ९ इंच, तर ३४ किलोमीटर. होडी मात्र दहाच्या वर जाणार नाही. म्हणजे हा पंखा ३४ च्या वेगासाठी बनलाय आणि आपण तो १० ला राबवतोय. भारी, संथ होडीत थोडी घसर असतेच, ती शून्य होणार नाही, पण इतकी तफावत दिसली की पंखा चुकीचा असल्याची शंका घ्या. भारी होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा लागतो. काही कंपन्या यासाठीच ९.९ एचपीचं जास्त गिअर रेशोचं आणि मोठ्या पंख्याचं वेगळं मॉडेल काढतात. प्रवासी किंवा वाळलेल्या जाळ्यांचा ढीग वाहणाऱ्या होडीला ते १५ च्या साध्या इंजिनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आरपीएम कमी असण्याचं दुसरं कारण होडीतच साचलेलं असतं, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याला एक पैसाही लागत नाही. होडीतलं पाणी. पाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी अशी सपाट बुडाची होडी धरा. आत एक सेंटिमीटर पाणी साचलं की ५५ किलो वजन वाढलं. चार बोटं पाणी म्हणजे जवळजवळ पावणेचारशे किलो. पाच माणसं फुकट वाहून नेल्यासारखं ते झालं. आणि माणूस निदान जागेवर बसतो, हे पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं. रिव्हेट गळत असतील तर आधी ते बुजवा. त्यानंतर होडी उलटी करून बूड बघा. शेवाळ, चिखलाचा थर, पत्र्याला पडलेले पोचे, खाली अडकलेलं नायलॉनचं जाळं. बूड घासून काढल्यावर दोनशे-तीनशे आरपीएम वाढलेले मी स्वतः पाहिलेत.

जलपर्णीबद्दल वेगळं सांगायला नको. उजनीत ती आहेच. पंख्याला गुंडाळली की लगेच कळतं, पण इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या, गिअरच्या घरावरच्या जाळीवर तिचे तंतू बसतात ते कळत नाही. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार हा त्याचा आरसा. धार मंदावली, गरम झाली, की थांबा, इंजिन बंद करा, वर उचला, साफ करा. जलपर्णीतून जाताना मधूनमधून रिव्हर्स टाकत राहिलात तर निम्मी सुटते.

दुसरा प्रकार. आरपीएम वर जातात, कधी हद्दीच्याही वर, इंजिन ओरडतं, होडी जागची हलत नाही. आमच्या भाषेत पंखा हवा खातो. पंपाचं फूट व्हॉल्व्ह उघडं पडल्यावर पंप हवा घेतो, तसंच. इथे आधी फळीची उंची मोजा. इंजिनं दोन मापांत जास्त येतात: आखूड दांड्याचं १५ इंची फळीसाठी आणि लांब दांड्याचं २० इंची फळीसाठी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. २० इंची फळीवर आखूड दांड्याचं इंजिन बसवलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. ते इंजिन कितीही एचपीचं असो, लाट आली की पंखा उघडा पडणार. उलट लांब दांड्याचं १५ इंची फळीवर बसवलं की पाच इंच जास्तीचा लोखंडी खुंट पाण्यातून ओढत न्यावा लागतो, आणि उजनीत पाणी उतरलं की तोच खुंट आधी आपटतो.

पत्र्याच्या होड्यांत आणखी एक खोड असते. बुडाला मधोमध लोखंडी अँगल वेल्ड केलेला असतो, तो थेट मागच्या फळीपर्यंत. चालताना त्याच्या टोकाला फेस होतो आणि तो फेस बरोबर पंख्यात जातो. अँगल फळीच्या फूटभर आधीच निमुळता करून संपवला की फरक पडतो. गावातला वेल्डर अर्ध्या तासात करून देतो.

आणि पंखा हवा खात नसेल, तरीही आरपीएम चढतात आणि होडी चालत नाही, तर पंख्याच्या आतलं रबर बुश घसरतंय. दगडाला किंवा बुडलेल्या बाभळीच्या खुंटाला आपटून हे होतं. तपासायची सोपी रीत: पंखा काढून आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या बॉडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, पंखा बसवा, पूर्ण रेस देऊन पाच मिनिटं चालवा, पुन्हा काढा. रेघ तुटून बाजूला सरकली असेल तर बुश गेलं. बुश किंवा पंखा बदलण्याचा खर्च आणि नव्या इंजिनाचा खर्च यांची तुलना करायचीही गरज नाही.

तिसरा प्रकार असा की आरपीएम बरोबर हद्दीत, पंखा चांगला, बूड स्वच्छ, होडी कोरडी, आणि तरी वेग लांबीच्या हिशेबापेक्षा बराच कमी. तेव्हा आणि तेव्हाच मी म्हणतो, हो, इंजिन खरंच कमी पडतंय. मग वजनाचा हिशेब मांडायचा.

पाणी सारत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीच्या हद्दीएवढा वेग गाठायला साधारण सव्वादोनशे किलोमागे १ एचपी लागतो. उदाहरण घेऊ. होडी २५० किलो, इंजिन आणि पेट्रोल ६०, दोन माणसं १३०, जाळी ६०, मासळी आणि बर्फ १५०, बुडात थोडं पाणी राहणारच म्हणून ५०. एकूण ७००. म्हणजे ३ एचपीला थोडं वर. हे शांत पाण्यातलं झालं. उजनी शांत कधी असते? पहाटे. दुपारनंतर, त्यातही वळवाच्या दिवसांत, ती आपली राहत नाही. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर दोन माणसं बसलेल्या छोट्या होडीला नुसती हवाच १२ ते १५ किलोच्या जोराने मागे रेटते, लाटांचा मार वेगळा. आणि वारा दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणून मी वर निम्मी ताकद वाढवून धरतो. झाले पावणेपाच.

आता आपल्या भागाची एक गोष्ट, जी माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसते. इंजिनाची ताकद मोजतात ती २५ अंश तापमानाला, समुद्रसपाटीच्या जवळपासच्या हवेच्या दाबाला. उजनीची पूर्ण भरलेली पातळी आहे समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, त्यात पाचेक टक्के ताकद जाते. त्यात मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. ४२ अंशांची हवा आणखी विरळ, आणखी पाच टक्के गेले. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर जे १० एचपी देतं, तेच इंजिन आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ९ देतं. इंजिन खराब झालेलं नसतं. आपल्या हिशेबात हे दहा टक्के धरले की पावणेपाचाचे सव्वापाच होतात. बाजारात त्याच्या वरचं माप ६ किंवा ८. या होडीला मी ८ सांगेन, कमी पिचच्या पंख्यासह, आणि रोजच्या वापरात दोन तृतीयांश रेसवर चालवायला सांगेन. उरलेली ताकद वेगासाठी वापरायची नाही. संध्याकाळी वाऱ्याविरुद्ध काठ गाठायला ती ठेवलेली आहे.

पण वरच्या बाजूलाही हद्द आहे, आणि ती कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत छोट्या बोटींसाठी सोपं कोष्टक आहे. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत, एकमेकांनी गुणायची. उत्तर ३५ पर्यंत असेल तर जास्तीत जास्त ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. आणि होडी सपाट बुडाची, कडा टोकदार अशी असेल तर एक पायरी खाली उतरायचं. आपली चौदा फुटी पत्र्याची होडी घ्या, मागची फळी तीन फूट. उत्तर ४२, कोष्टकात साडेसात, सपाट बूड म्हणून खाली उतरून ५. अशा होड्यांवर ९.९ ची इंजिनं लावून लोक फिरतात. हे कोष्टक आपल्या देशाचा कायदा नाही, पण ते ज्या कारणासाठी केलंय ते कारण कुठल्याही पाण्यात तेच राहतं: रेस एकदम दिली की होडी मागे बसते, हात सुटला की ती एका बाजूला फिरून पालथी होते. १५ एचपीचं चार स्ट्रोक इंजिन ४५ ते ५० किलोचं असतं आणि चालवणारा माणूसही त्याच्याच शेजारी बसतो. दोघांचं वजन मिळून शंभरच्या वर, तेही सगळं एका अरुंद टोकाला. तेवढं वजन पेलायला मागची फळी आणि तिथली काठाची उंची आहे का, हे एचपीच्या आधी बघायचं.

काठाची उंची म्हटलं की मला २१ मे २०२४ आठवतो. उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्या आठवड्यात गॅरेजात कुणी एचपीबद्दल बोलत नव्हतं. त्या अपघाताची मीमांसा करायचा मला अधिकार नाही, पण एक मला पोटतिडकीने सांगायचंय: इंजिन कितीही मोठं असलं तरी ते लाटेला होडीत येण्यापासून अडवत नाही. माणसं किती बसवायची याचाही साधा अंदाज आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. सोळा फुटी, चार फूट रुंद होडीत चार माणसं. पाचवं माणूस काठावर थांबेल. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं, खाली ठेवलेलं नाही. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला. दोन वल्ही कायम आत. आणि पैसे घेऊन माणसं नेणाऱ्यांनी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे बोटीची नोंदणी आणि तपासणी करून घ्यावी, ती टाळू नये.

हलक्या फायबर बोटींचं गणित मात्र पूर्ण वेगळं. पक्षी दाखवायला किंवा गस्तीला ज्या बोटी असतात, त्यांच्या मालकांना बोट पाण्यावर उचलून पळायला हवी असते. त्यासाठी १८-२० किलोमागे १ एचपी लागतो. बोट, माणसं, इंजिन मिळून ४०० किलो झाले तर वीस एचपीच्या वर. अशा बोटीला कुणी १० लावतं आणि मग तक्रार घेऊन येतं की टोक आकाशाकडे जातं, समोरचं दिसत नाही, पेट्रोल पीत सुटतं. बरोबरच आहे. ती बोट चढणीच्या मधोमध अडकलेली असते, धड खाली नाही, धड वर नाही. इथे दोनच मार्ग. बोट आणि तिची फळी पेलत असेल तर २५, नाहीतर ५-६ एचपीवर ताशी आठ-नऊ किलोमीटरने निवांत चालणं. मधलं इंजिन सगळ्यात महाग पडतं. पक्षी दाखवणाऱ्यांना मी दुसराच मार्ग सांगतो. पळणाऱ्या बोटीसमोर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) थांबत नाहीत.

पंढरपूरच्या चंद्रभागेत होडी चालवणाऱ्यांनी यात आणखी एक आकडा धरायला हवा, तो म्हणजे प्रवाह. धरणातून पाणी सुटलेलं असताना नदी ताशी पाच किलोमीटरने वाहत असेल आणि होडी शांत पाण्यात नऊ जात असेल, तर वर जाताना काठाच्या मानाने ती चारच जाते. मोबाइलवर चार बघून इंजिन कमी पडतंय असं वाटतं. दोन्ही दिशांची सरासरी काढा, खरा वेग कळेल. पूर असेल तर मात्र सरासरी काढत बसायचं नाही, होडी बांधून ठेवायची.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला उपयुक्त साठा संपला की वेगळीच दुखणी सुरू होतात. पाण्याखालच्या जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळी वर येतात; पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की समजायचं, आता वाट बदलली. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या पंख्यांत एकही सरळ पातं नव्हतं. वाकलेल्या पात्यानेही आरपीएम आणि वेग बिघडतो, हादरे बसतात, आणि होडीवाला पुन्हा म्हणतो, इंजिन कमी पडतंय. त्या दिवसांत शिअर पिनेचे (पंखा आपटला की आधी तुटून गिअर वाचवणाऱ्या खिळीचे) चार नग, एक पान्हा आणि जुना का असेना पण सरळ पात्यांचा दुसरा पंखा होडीत ठेवा.

गेल्या एप्रिलमध्ये चिखलठाणच्या बाजूचा एक तरुण आला होता. होडी सोळा फूट पाण्यात टेकणारी, इंजिन ८ एचपीचं, दोन स्ट्रोक. १५ साठी इसार देऊन आला होता आणि जुनं माझ्याकडे विकायला ठेवायचं म्हणत होता. मी म्हटलं, “भाऊ, एक दिवस दे.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच होडीत बसून गेलो. पूर्ण रेसला ३७०० आरपीएम, वेग साडेसात. आत तीन बोटं पाणी. पंखा ९ पिचचा. पाणी उपसलं, दोन रिव्हेट ठोकले, बूड घासलं, पेट्रोलचा कॅन आणि बर्फाची पेटी मागून मधोमध आणली, ७ पिचचा पंखा लावला. संध्याकाळी तेवढ्याच वजनाने पुन्हा गेलो: ४७०० आरपीएम, वेग नऊ. परत येताना वारा सुटला होता, तरी आठच्या खाली आला नाही. १५ चा इसार त्याने परत मागितला, थोडा कापून मिळाला. उरलेल्या पैशांत त्याने चार लाइफ जॅकेट आणि एक टॅकोमीटर घेतला.

तुम्ही नव्या इंजिनाच्या दुकानात जाणार असाल तर त्याआधी एका कागदावर एवढं लिहून घ्या: होडीची पाण्यात टेकणारी लांबी, मागच्या फळीची उंची आणि रुंदी, भरलेल्या होडीचं वजन, सध्याच्या पंख्याचे दोन्ही आकडे, आणि भरल्या होडीचा पूर्ण रेसचा आरपीएम आणि वेग. यातला शेवटचा आकडा मोजायला पहाटेची वेळ बरी, पाणी शांत असतं. वाऱ्यातला आकडा हवा असेल तर दुपारी चारला, पण काठाच्या जवळ राहून, आणि सोबत दुसरी होडी घेऊन.